बाबा सगळ्यांचेच होते, मग आम्ही काय लिहायचं?

प्रश्न : माझे बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले, वय ७४. माणसांचं आणि गाण्यांचं प्रचंड वेड. पहिल्या स्मृतिदिनाला एक छोटी पुस्तिका काढायची आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम करायचा असं मी आणि धाकट्या भावाने ठरवलंय. मुख्य लेख मी लिहायचा. कितीदा बसले, पण 'मनमिळाऊ, संगीतप्रेमी, कुटुंबवत्सल' ह्याच्यापुढे गाडी जातच नाही, आणि वाचताना वाटतं हे तर कुणाच्याही बाबांना चालेल. घरात दोनशेच्या वर कॅसेट आहेत, काहींमध्ये गाण्याच्या आधी बाबांनी स्वतःच्या आवाजात रेडिओसारखी अनाउन्समेंट केलीय. भाऊ म्हणतो गाणी सगळी ऑनलाइन मिळतात, अडगळ कशाला. आईला घरात गाणं लागलेलं चालतच नाही, परवा शेजारून ऐकू आलं तर खिडकी लावून घेतली. नातेवाईक म्हणतात आता किती दिवस धरून बसणार. काय करू?
ता.क. खरं सांगायचं तर बाबा जगाचे होते, आमच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. माझ्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशीही ते कुणाच्या तरी कार्यक्रमाचा साउंड लावायला गेलेले. रात्री अकराला आले, मला झोपेतून उठवलं आणि माझ्यासाठी टेप केलेलं गाणं ऐकवलं, आधी माझं नाव घेऊन अनाउन्समेंट वगैरे. मी चिडून पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. हे अर्थातच लेखात येणार नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून झालं तेव्हा माझ्या डोक्यात वरचा मजकूर फारसा उरलाच नव्हता, ता.क. तेवढा उरला. ह्या सदरात मी हे नेहमी बघतो, लोक दीड पान सभ्यपणे लिहितात आणि सही झाली की हात सैल सुटतो आणि मग खरं ते येतं. तुमचे बाबा मला त्या शेवटच्या चार ओळींत दिसले. दिवसभर दुसऱ्याच्या कार्यक्रमाच्या वायरी जोडणारा माणूस, रात्री अकराला घरी येतो, पोरगी झोपलीय हे दिसतंय तरी तिला उठवतो कारण त्याने तिच्यासाठी काहीतरी करून ठेवलंय आणि ते उद्यापर्यंत थांबू शकत नाही. आणि पोरगी चिडते, तेही बरोबरच आहे तिचं. माणसांत रमणारा, गाण्याचा वेडा आणि घरावर जीव असलेला, हे तिन्ही ह्या एका प्रसंगात आलं की नाही? तेही एकही विशेषण न वापरता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, हा प्रसंग लेखात येणार, आणि जमलं तर सुरुवातीलाच. तुम्हाला भीती वाटतेय की ही तक्रार वाटेल, लोक म्हणतील बापाच्या माघारी मुलगी हिशोब मांडते. पण बघा, ज्यांनी बाबांना ओळखलं ते सगळे जाणून होते की हा माणूस घरी कमी आणि बाहेर जास्त असायचा, कारण तो त्यांच्याचकडे असायचा ना! त्यांच्यापासून काय लपवणार? उलट तुम्ही ते लिहिलंत की त्यांना पहिल्यांदा कळेल की आपल्याकडे रात्री दहापर्यंत तबल्याचा मेळ जमवत बसलेल्या माणसाची घरी कुणी वाट बघत होतं. रागाने नका लिहू, पण गुळगुळीतही नका करू. 'बाबांनी घर आणि समाज यांचा सुंदर समतोल साधला' असलं वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं तर पेन खाली ठेवा आणि फिरून या. नव्हता साधला, आणि तरी तुम्ही आठ महिने त्यांच्यासाठी कागदाशी झटताय.

आता मुख्य अडचण, की पुढे गाडी जात नाही. जाणारच नाही हो, कारण तुम्ही एकट्या बसून आठवताय. घरकोंबडा माणूस असता तर सगळं घरात सापडलं असतं, पण तुमच्या बाबांचं आयुष्य शंभर लोकांच्या घरात विखुरलेलं आहे, तुमच्याकडे त्याचा एक तुकडा आहे. मोठा आहे, मान्य, पण एकच. बाकीचे मागायला जावं लागेल आणि मागायची एक पद्धत असते. तुम्ही फोन करून 'बाबांबद्दल काहीतरी सांगा ना' म्हणालात तर समोरचा माणूस ताबडतोब श्रद्धांजलीच्या आवाजात जातो, 'फार मोठ्या मनाचा माणूस, असा माणूस होणे नाही', आणि तुमच्या हाताला काही लागत नाही. लहान आणि नेमकं विचारा. बाबा तुमच्याकडे आले की आधी कुठे बसायचे? तुमच्याकडून नेलेली कॅसेट परत दिली होती का? कुठल्या गाण्यावरून तुमचा वाद झाला? त्यांचा सूर कुठे लागायचा नाही? तुमच्यावर कधी रागावले होते का? ह्या प्रश्नांना 'मोठ्या मनाचा' हे उत्तर देताच येत नाही, माणसाला थांबून आठवावंच लागतं.

आणि बाबांच्या तरुणपणीच्या मित्रांपासून सुरू करा, तुम्हाला आठवतात त्या काका-मावशांपासून नको. त्याला कारण आहे. माणसाला आयुष्यभराचं जे लख्ख आठवतं त्यातला मोठा वाटा साधारण दहा ते तीस ह्या वयातला असतो, मानसशास्त्रात ह्याचा बराच अभ्यास झालाय, आणि त्या वयात ऐकलेली गाणी पण अशीच पक्की बसतात. म्हणजे बाबांच्या वयाच्या मित्राला मागच्या वर्षीची भेट नीट सांगता येणार नाही कदाचित, पण विशीत दोघांनी मिळून कुणाचा रेकॉर्ड प्लेअर बिघडवला ते तो शर्टाच्या रंगासकट सांगेल. तुम्हाला तर तोच काळ हवाय, तुम्ही जन्मायच्या आधीचे बाबा. शिवाय हे मित्र आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका, एवढं सांगितलं म्हणजे समजा.

प्रत्यक्ष भेटता आलं तर उत्तम. फोन टेबलवर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा (विचारून, अर्थातच), आणि बोलायच्या आधी त्या काळातलं एखादं गाणं लावा, दोन मिनिटं काही विचारू नका. लांबण लावायची गरज नाही. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स नावाची संस्था आहे, २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभारून त्यांनी सुरुवात केली, ओळखीची दोन माणसं आत बसायची आणि एकमेकांशी बोलायची, त्यांची एक बैठक ४० मिनिटांची. तेवढा वेळ पुरतो. पहिली दहा मिनिटं लोक औपचारिक बोलतात, मग गाडी रुळावर येते, आणि तुम्ही 'बरं निघते' म्हणत उठल्यावर जे सांगतात ते बहुतेक वेळा सगळ्यात भारी असतं, तेव्हा रेकॉर्डिंग चप्पल घालेपर्यंत बंद करू नका.

व्हॉट्सॅपचं पण आत्ताच बघा, हे मी मधेच सांगतोय कारण नंतर राहून जाईल. बाबांचा फोन ड्रॉवरमध्ये असेल तर चार्ज करा आणि त्यातलं ॲप चुकूनही काढून टाकू नका. साधारण १२० दिवस वापर नसला की व्हॉट्सॅप अकाउंट बंद करतं, तुम्हाला आठ महिने झालेत, पण फोनमध्ये उतरलेले फोटो आणि व्हॉइस नोट फोनमध्येच असतात, ते आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या. त्यांचं गूगल अकाउंट असेल तर तिथेही दोन वर्षं कुणी फिरकलं नाही की ते पुसून टाकायचा नियम २०२३ पासून आहे. पण खरी खाण दुसरीकडेच आहे, बाबांनी ज्यांना ज्यांना व्हॉइस नोट पाठवल्या त्यांच्या फोनमध्ये. असला माणूस वाढदिवसाला मेसेज टाइप करत नाही, गाऊन पाठवतो. मित्रमंडळींच्या ग्रुपवर सरळ टाका, बाबांची एखादी व्हॉइस नोट असेल तर डिलीट करू नका, मला फॉरवर्ड करा. बघा किती येतात ते.

आता कॅसेट. भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, गाणी खरंच ऑनलाइन मिळतात, आणि बाबांनी रेडिओवरून टेप केलेल्या खरखरीत कॉपीपेक्षा शंभर पटीने चांगली मिळतात. पण गाण्याच्या आधीचं ते अर्धं मिनिट कुठल्या ॲपवर मिळणार? लंडनच्या भुयारी रेल्वेचं एम्बँकमेंट स्टेशन आहे, तिथे गाडी आली की फटीकडे लक्ष द्या अशी सूचना वाजते. ती ऑस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाच्या आवाजात होती. ते २००७ मध्ये गेले, आणि त्यांची बायको त्यानंतर तो आवाज ऐकायला मुद्दाम त्या प्लॅटफॉर्मवर जाऊन बसायची. २०१२ मध्ये नवीन यंत्रणा आली आणि आवाज बदलला, तिने रेल्वेवाल्यांना विनंती केली, आणि २०१३ मध्ये तिथे तो जुना आवाज परत लावला गेला. अख्ख्या रेल्वेला जमलं तर तुमच्या भावाला एक कपाट ठेवायला जमायला हरकत नाही. आणि हे काही आजचं हळवेपण नव्हे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ काढला आणि १८७८ मध्ये त्याचे काय काय उपयोग होतील ह्याची यादी लिहिली, त्यात पत्रं सांगणं, अंधांसाठी पुस्तकं ह्याच्या जोडीला एक उपयोग घरातल्या माणसांचे आवाज, आठवणी, मरतानाचे शब्द जपून ठेवण्याचा होता. म्हणजे यंत्र जन्माला आलं तेव्हाच हे काम त्याच्या कामांत धरलेलं होतं.

पण दोनशे कॅसेट म्हणजे काय काम आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर उत्साहात सुरू कराल आणि बाराव्या कॅसेटला दम तुटेल. कॅसेट ज्या वेगाने वाजते त्याच वेगाने उतरवावी लागते, शॉर्टकट नाही. सी-९० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दीड तास, दोनशे कॅसेटचे तीनशे तास होतात. म्हणून निवड करावी लागेल आणि निवड करायला बाबांनीच खुणा ठेवल्यात. कॅसेट उभी धरून वरच्या कडेला बघा, दोन टोकांना दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, पट्टी तोडली की त्या बाजूवर परत रेकॉर्डिंग होत नाही. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटला त्या कंपनीतूनच नसतात. पण घरी रेकॉर्ड केलेल्या कोऱ्या कॅसेटची पट्टी तुटलेली दिसली तर समजायचं बाबांनी हे मुद्दाम केलंय, हे पुसलं जाऊ नये असं त्यांना वाटलं होतं. त्या आधी घ्या. आणि तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल तर उलटं, आधी जपून ठेवलं होतं आणि नंतर मन बदललं आणि त्याच्यावर दुसरं काही टेप केलं. कशावर काय केलं त्यावरून घरात भांडण झालं असेल तर तेही लिहून घ्या, अशी भांडणं प्रत्येक टेपवाल्या घरात झालीयत. ज्यांच्या पट्ट्या शाबूत आहेत त्या मात्र वाजवायच्या आधी तुम्हीच तोडून टाका, डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रावर, चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं गेलं तर नंतर रडून उपयोग नाही.

ह्या सगळ्यांत निकालाच्या रात्रीची कॅसेट शोधा. बाबांचं अक्षर तुम्हाला ओळखू येतं, कव्हरच्या कार्डावर तारीख किंवा तुमचं नाव असायची शक्यता आहे. सापडलीच पाहिजे असं नाही, पण त्या शोधात बाकीच्या दोनशेची यादी आपोआप होईल.

उतरवायचं कसं ते थोडक्यात. चालू स्थितीतला डेक मिळवा, त्याचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणारा भाग, साफ करून घ्या (आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस लावलेली काडी), कॅसेट एकदा पुढे शेवटपर्यंत आणि परत मागे गुंडाळून घ्या म्हणजे वर्षानुवर्षं पडून आवळलेली टेप सैल होते. आतल्या बाजूला एक फेल्टचा इवलासा तुकडा असतो, टेपला हेडवर दाबून धरणारा, तो गळून पडला असेल तर आवाज पार दबका येतो, लोकांना वाटतं टेप मेली, पण टेप चांगली असते, फक्त दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात ती रिळं हलवायची. डेकमधून वायर काढून यूएसबीवाल्या छोट्या साउंड कार्डातून कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रेकॉर्ड, आणि मूळ फाइल डब्ल्यूएव्ही म्हणून ठेवा, सीडीच्या दर्जाला ९० मिनिटांचे साधारण ९५० एमबी होतात, आजच्या हार्डडिस्कला हे काहीच नाही. ऐकायला-वाटायला एमपीथ्री वेगळी करा. खरखर काढायचा मोह होईल, मूळ फाइलवर तो करू नका, कारण खरखरीबरोबर बोलायच्या आधी घेतलेला श्वास, मागे कुणीतरी भांडं ठेवलं तो आवाज, हे सगळं धुतलं जातं, आणि मला विचाराल तर निम्मी मजा त्यात असते. कॉपी तीन ठेवा, त्यातली एक भावाच्या घरी.

एक गंमत सांगतो, इथे भावाचं ऑनलाइनवालं म्हणणं कामाला येईल. जुन्या डेकचे पट्टे सैल झालेले असतात, टेप हळू किंवा जोरात चालते आणि बाबांचा आवाज वेगळाच कुणाचा तरी वाटतो. तेव्हा अनाउन्समेंटनंतरचं गाणं ऑनलाइन काढा, दोन्ही शेजारी वाजवा, आणि टेपवरचं गाणं मूळ सुराला येईपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये वेग जुळवा. गाणं जुळलं की आधीचा आवाजही बहुतेक जाग्यावर येतो. हे काम भावाला द्या. 'अडगळ टाकून देऊ' म्हणणारी माणसं पुष्कळदा अशी असतात ज्यांना त्या कपाटाकडे बघवत नाही, आणि त्यांना हातात काहीतरी टेक्निकल काम दिलं की ती रात्री दोनपर्यंत बसतात. माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल, तुम्ही भावाला जास्त ओळखता.

आता आई. ह्याबाबतीत माझं मत जरा ठाम आहे. आईला गाणं ऐकायला लावू नका, 'बाबांना आवडलं असतं' हे तर चुकूनही म्हणू नका. फोटो नको वाटला तर नजर वळवता येते, गाण्याचं तसं नाही, ते न विचारता आत येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पेत्र जनाता ह्यांनी २००९ मध्ये ह्यावर अभ्यास छापला होता, तरुणपणीची ओळखीची गाणी ऐकताना ज्यांना जुने प्रसंग आठवत होते त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा एक भाग गाण्याबरोबर आठवणीलाही साथ देताना दिसला. थोडक्यात, आपल्याला गाणं 'ऐकू' येतं आणि तुमच्या आईसमोर त्याच क्षणी माणूस उभा राहतो. पन्नासेक वर्षं ज्या घरात एका माणसामुळे गाणं चालू असायचं तिथे आता तो नसताना गाणं लागणं तिला खोटं वाटत असेल. खिडकी लावली म्हणून ती बाबांना विसरायला बघतेय असा अर्थ काढू नका.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट ह्या दोघा अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की दुःखातला माणूस एका सरळ रेषेत बरा होत नाही, तो जा-ये करत असतो, काही वेळ गेलेल्यात बुडालेला आणि काही वेळ मुद्दाम त्यापासून लांब, बिलं भरण्यात, कपाट आवरण्यात, आणि हे दोन्ही लागतं. आई सध्या लांब आहे. तुम्ही सध्या आत आहात. एका घरात दोन माणसं दोन टोकांना असली की दोघांना वाटतं समोरचा चुकतोय. तेव्हा कॅसेटचं काम तुमच्या किंवा भावाच्या घरी करा, हेडफोन लावून, आणि आईला फक्त सांगून ठेवा की करतोय, तुला कधी ऐकावंसं वाटलं तर आहे. बस. तिने विचारलं की बाबा काय बोलले त्यात, तर शब्द सांगा, आवाज ऐकवू नका, तो ती मागेल तेव्हा.

आणि तिच्याशी गाण्याबद्दल नाही तर गाण्याच्या त्रासाबद्दल बोला. म्हणजे काय, तर जेवायला बसायच्या वेळी चार माणसं घेऊन यायचे तेव्हा तू काय करायचीस? पहाटे रियाज म्हणून सुरू व्हायचे तेव्हा? माझा अनुभव आहे की अशा घरच्या बायकांना नवऱ्याची स्तुती ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो. आठ महिने येणारा प्रत्येक माणूस त्यांना सांगतो की तुमचा नवरा किती दिलदार होता, आणि ती दिलदारी ज्यांच्या जिवावर चालायची त्यांना कुणी काही विचारत नाही. तुम्ही विचारा. ती पहिल्यांदा वैतागून बोलेल, मग हसून बोलेल, असं होण्याची शक्यता बरीच आहे. ते लेखात आलं पाहिजे. सगळ्या गावाला घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी दार उघडं ठेवून जागं बसलेलं असतं, त्या जागरणाशिवाय बाबांचा लेख अर्धाच होईल.

नातेवाईकांचं काय, ते म्हणणारच. 'आता पुढे चला' हे म्हणण्यामागे एक जुना विचारही आहे, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्यापासून हळूहळू मन सोडवून घेणं. पण १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन ह्यांनी मिळून बरोबर उलटं दाखवलं, की बहुतेक लोक नातं तोडत नाहीत, ते बदलून पुढे चालू ठेवतात, आणि त्यात आजारपण काही नाही. तुम्ही पुस्तिका करताय, कॅसेट लावताय, नोकरी-घर बघताय, झोप-जेवण ठीक असेल तर हे धरून बसणं नाही. झोप-जेवण ठीक नसेल, किंवा आईचं नसेल, तर मात्र सदराला पत्र लिहून भागणार नाही, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, लाजू नका.

कार्यक्रमाबद्दल दोनच गोष्टी. ऑर्केस्ट्रा, निवेदक, पडद्यावर स्लाइड शो असं काही मनात असेल तर ते भाड्याने मिळतं आणि भाड्याचंच वाटतं. बाबांबरोबर जे गायचे त्यांनाच गाऊ द्या, बेसूर तर बेसूर. वरच्या पट्टीत बाबांचा आवाज फाटायचा हे ज्यांना माहीत आहे ते त्या जागेला एकमेकांकडे बघतील, तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही. आणि भाषणं नकोत, प्रत्येकाने एकच प्रसंग सांगायचा, तीन मिनिटांत, आणि माइकवरचं सगळं रेकॉर्ड करायचं. 'असा माणूस होणे नाही' हे वाक्य वापरायला बंदी आहे असं हसत हसत आधीच जाहीर करून टाका. आईने यायचं की नाही, आली तर किती वेळ बसायचं, हे तिच्यावर. दाराजवळची खुर्ची तिला द्या म्हणजे उठून जाताना कुणाच्या पायावरून जावं लागणार नाही.

लेख मोठा नको. पाचशे शब्द फार झाले, बाकी पुस्तिका लोकांनी सांगितलेल्या प्रसंगांनी भरा, त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखन फार सुधारत बसू नका. तुमच्या लेखात तारखा, पदं, संस्थांची नावं एका परिच्छेदात उरकून टाका, ज्याला हवी तो वाचेल. बाकी चार प्रसंग, त्यातला एक निकालाच्या रात्रीचा, पांघरुणासकट. शेवटी 'बाबा, तुम्ही आमच्यात आहात' वगैरे लिहावंसं वाटेल, सगळ्यांनाच वाटतं, तिथे त्याऐवजी त्यांनी केलेली एखादी अनाउन्समेंट जशीच्या तशी उतरवा.

छापायला द्यायच्या आधी सगळं आईला वाचून दाखवा, तो उरलंसुरलंवाला भागही. ती खोडायला सांगेल ते मुकाट्याने खोडा, वाद घालू नका. पण बहुतेक ती खोडण्यापेक्षा दुरुस्त्याच जास्त सांगेल, अकरा नव्हे साडेबारा झाले होते, साउंड लावायला नाही, त्या दिवशी पेटी दुरुस्त करायला गेले होते, असं. तेव्हा वही जवळ ठेवा.